हिंदी महासागरात भारत: रखवालदार, शेजारी की नुसतं गिऱ्हाईक?

उधाणवारा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय. मर्चंट नेव्हीत ३१ वर्षं काढली. कॅडेट म्हणून चढलो, कॅप्टन म्हणून उतरलो. घरी आल्यापासून लोक वादळांबद्दल विचारतात, चाच्यांबद्दल विचारतात. समुद्रावरून आपला देश कसा दिसतो, हे मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून आपणहूनच लिहितो.

२०१० च्या सुमाराची गोष्ट. आमचं टँकर एडनच्या आखातातून पूर्वेकडे निघालं होतं. टाक्यांत युक्रेनहून कांडल्याला चाललेलं सूर्यफुलाचं तेल. भरलेलं जहाज पाण्यात खोल बसतं, डेक पाण्यापासून फार उंच राहत नाही, त्यामुळे शिडी लावून चढणाऱ्याला ते सोपं. आम्ही रेलिंगला काटेरी तारांची भेंडोळी बांधली होती, दोन्ही अंगांना आगीचे पाइप सतत चालू ठेवले होते आणि मागच्या डेकवर जुने बॉयलरसूट चिंध्यांनी भरून बुजगावणी उभी केली होती. दोन रात्री कुणी धड झोपलं नाही. दुसऱ्या पहाटे रेडिओच्या चॅनल १६ वर शांत, ठाम आवाज आला. भारतीय युद्धनौका. आमचं नाव, वेग, माणसं किती, सगळं विचारून घेतलं आणि पुढे दिवसभर ती क्षितिजावर दिसत राहिली. आमचा फिलिपिनो बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत आला, माझा हात हातात घेऊन काही न बोलता उभा राहिला आणि परत गेला.

त्या दिवशी लॉगबुक लिहिताना मनात आलं ते असं. माल आपला. जहाजावरची निम्मी माणसं आपली. राखणीला आलेली नौका आपली. पण मालक ग्रीक, झेंडा (म्हणजे जहाजाची नोंदणी) पनामाचा, विमा लंडनचा. भाड्याचा पैसा यातल्या कुठल्याही वाटेनं आपल्याकडे येत नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. या महासागरात राखण आपण चांगली करतो, संकटात शेजाऱ्यांना आठवतो तो आपणच, पण व्यापाराच्या बाबतीत आपण स्वतःच्या अंगणात दुसऱ्याच्या गाडीनं फिरणारे आहोत. ही दोन्ही चित्रं एकत्र ठेवून बघितल्याशिवाय 'सागरी राष्ट्र' हा शब्द आपण वापरू नये असं मला वाटतं.

आधी जमेची बाजू. आपला किनारा शाळेत ७,५१६ किमी शिकवला जायचा. आता तो नव्यानं मोजून ११,०९८ किमी धरला जातो. समुद्र पुढे सरकलेला नाही. अधिक बारीक प्रमाणाचा नकाशा घेऊन खाड्या, वळणं, भूशिरं मोजली एवढंच. आपल्या महाराष्ट्राचा किनारा ६५२ वरून ८७७ किमीवर गेला तो याच हिशेबानं. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या ज्या पट्ट्यावर मासे, तेल, वायू यांचा हक्क आपला, त्याचं क्षेत्र साधारण २३ लाख चौरस किमी. ग्रेट निकोबारचं टोक सुमात्राच्या इतकं जवळ आहे की मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी जहाजं आपल्या दारावरूनच जातात. पश्चिमेला लक्षद्वीपच्या मिनिकॉयच्या दोन्ही अंगांनी नऊ अंशाची आणि आठ अंशाची खाडी, तिथूनही तीच रहदारी. जागा देवानं दिली आहे.

कामही झालं आहे. १९८८ च्या नोव्हेंबरात मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोर उतरले तेव्हा आग्र्याहून पॅराशूट सैनिक रातोरात राजधानी माल्यात पोचले आणि ओलीस घेऊन पळणारं जहाज 'गोदावरी' आणि 'बेतवा' या नौकांनी भर समुद्रात अडवलं. २०१५ मध्ये येमेनमध्ये बाँबफेक चालू असताना आपली नौका 'सुमित्रा' एडनच्या बंदरात शिरली. त्या मोहिमेत साडेपाच हजारांहून जास्त माणसं बाहेर काढली गेली, त्यात चाळीसहून अधिक देशांचे साडेनऊशेच्या वर नागरिक होते. मार्च २०२४ मध्ये 'रुएन' जहाजावरच्या ३५ चाच्यांना 'कोलकाता' युद्धनौकेनं ४० तासांच्या पाठलागानंतर शरण आणलं, सतरा खलाशी सुखरूप सोडवले आणि चाच्यांना मुंबईला आणून पोलिसांच्या हवाली केलं. त्याच वर्षी जानेवारीत ज्या मच्छीमार बोटी चाच्यांच्या तावडीतून सोडवल्या त्यांच्यातल्या एकीवर १९ पाकिस्तानी खलाशी होते. समुद्रावर हाक आली की आधी जायचं, कुठला हे मागाहून विचारायचं. हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना नियम, आणि तो आपल्या लोकांनी पाळला याचा मला अभिमान आहे.

आणखी एका गोष्टीबद्दल फारसं बोललं जात नाही. बंगालच्या उपसागरातली हद्द ठरवताना बांगलादेश लवादात गेला. जुलै २०१४ मध्ये निकाल लागला. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किमीपैकी १९,४६७ चौरस किमी बांगलादेशाला मिळाले. एवढा मोठा देश, एवढं मोठं नौदल, पण आपण तो निकाल मान्य केला. दोन वर्षांनी दक्षिण चिनी समुद्राबाबत फिलिपिन्सच्या बाजूनं लागलेला निकाल चीननं धुडकावला. मी दक्षिण चिनी समुद्रातून कितीदा गेलोय. तिथले मच्छीमार कसे जीव मुठीत धरून जाळी टाकतात ते पाहिलंय. आपल्या उपसागरात तसं नाही, आणि त्याचं श्रेय या मान्य केलेल्या निकालाला आहे.

आता खर्चाची बाजू. देशाचा परदेश व्यापार वजनात मोजला तर ९५ टक्के समुद्रावरून जातो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यातला ४० टक्के माल भारतीय झेंड्याच्या जहाजांतून जायचा. आज तो वाटा एक आकडी आहे. परदेशी कंपन्यांना दरसाल जाणारं भाडं सरकारच सुमारे ७५ अब्ज डॉलर सांगतं. जगात बांधल्या जाणाऱ्या जहाजांत आपला हिस्सा एक टक्कासुद्धा नाही. चीन, कोरिया, जपान या तिघांनी जवळजवळ सगळं व्यापलंय.

आणि हे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या देशात. पहिल्या महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरलेलं ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं जहाज विकत घेऊन त्यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला पाठवलं, तारीख ५ एप्रिल १९१९. ब्रिटिश कंपन्यांनी भाडं पाडून पाडून त्यांना बुडवायचा प्रयत्न केला, तरी त्यांची सिंदिया जहाज कंपनी टिकली. विशाखापट्टणमची गोदीही त्यांचीच. तिथे बांधलेलं 'जलउषा' १९४८ च्या मार्चमध्ये पाण्यात उतरलं. दरवर्षी ५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन साजरा करतो. मी जहाजावर असतानाही करायचो, परक्या झेंड्याखाली उभं राहून.

तुमची मतं वाचायला आवडतील. विशेषतः किनाऱ्यावरच्या लोकांची.

---

सुपारीबाग

उधाणवारा काका, फार सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. माझे मोठे दीर आयात करतात. त्यांचा कंटेनर चेन्नईला यायचा होता तर तो म्हणे आठ दिवस कोलंबोत पडून होता. भारताचा माल श्रीलंकेत कशाला उतरवतात?

---

उधाणवारा

सुपारीबाग ताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. सगळं दुखणं तिथेच आहे.

युरोप ते पूर्व आशिया हा कंटेनरचा राजमार्ग. त्यावर धावणारी जहाजं राक्षसी आहेत, वीस फुटी कंटेनर धरले तर एकेकावर वीस-वीस हजार आणि वर. आम्ही त्यांना मदरशिप म्हणतो. मदरशिपला दोन गोष्टी लागतात. भरपूर खोल पाणी आणि वाटेतलं बंदर. वळसा घ्यावा लागला की इंधन जळतं, वेळ जातो, म्हणून ती आडबाजूच्या बंदरात जात नाही. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला डोंड्रा म्हणून भूशिर आहे, तिथून ही सगळी रांग जाते. रात्री ब्रिजवरून बघितलं तर दिव्यांची माळ दिसते, एकामागे एक जहाज. कोलंबो तिथून हाकेच्या अंतरावर. मग मदरशिप कोलंबोत माल उतरवते आणि तिथून छोटी जहाजं, म्हणजे फीडर, तो चेन्नईला, कोलकात्याला, तुतिकोरिनला आणून टाकतात. तुमच्या दिरांचा कंटेनर फीडरची वाट बघत बसला होता.

असा दुसऱ्या बंदरातून पलटी होऊन येणारा आपला जो माल आहे, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश परदेशी बंदरांत हाताळला जातो. कोलंबो, सिंगापूर आणि मलेशियाचं पोर्ट क्लांग. आपला कारखानदार दोनदा चढ-उताराचे पैसे भरतो आणि आठवडाभर उशीरही सोसतो.

यावर खरा उतारा म्हणजे केरळातलं विळिंजम. किनाऱ्यालगत निसर्गतःच १८-२० मीटर पाणी, राजमार्गापासून जेमतेम दहा सागरी मैल. मे २०२५ मध्ये त्याचं रीतसर लोकार्पण झालं आणि सव्वा महिन्यातच 'एमएससी इरिना' तिथे लागलं. २४ हजारांच्या वर कंटेनरांचं, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. मी ती बातमी घरात सगळ्यांना वाचून दाखवली. आमच्या नोकरीच्या दिवसांत असं जहाज भारतीय धक्क्याला लागेल असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही विश्वास ठेवला नसता.

---

अक्षांश

लेख आवडला, पण मूळ मुद्द्याशी असहमत. मी अर्थशास्त्र शिकवतो, त्या अंगानं लिहितो.

जहाज कुणाचं याला इतकं महत्त्व का द्यायचं? दुसरा जर आपला माल स्वस्तात नेत असेल तर आपल्या निर्यातदाराचा फायदाच आहे. ज्या 'एमएससी'चा तुम्ही उल्लेख केला, ती जगातली सगळ्यात मोठी कंटेनर कंपनी. तिचं मुख्यालय जिनिव्हाला आहे. स्वित्झर्लंडला समुद्रच नाही! म्हणजे किनारा असणं आणि जहाजं असणं यांचा संबंध आपण समजतो तितका थेट नाही. तो भांडवलाचा, कराचा आणि व्याजदराचा प्रश्न आहे. आपल्याकडे भांडवल महाग, म्हणून ते जिथे आपल्याला जास्त फळ देईल तिथे घालावं. जहाजधंदा चढ-उतारांचा आहे. सिंदिया कंपनीही पुढे टिकली नाही, हे तुम्हीही जाणता.

---

उधाणवारा

अक्षांश सर, स्वित्झर्लंडचा मुद्दा एकदम मान्य, आणि व्याजाचाही. जुनं जहाज घ्यायला सिंगापूरच्या माणसाला ज्या दरानं कर्ज मिळतं त्याच्या जवळपासही इथल्या माणसाला मिळत नाही. म्हणूनच आपलेच कित्येक मराठी-गुजराती जहाजमालक दुबईत आणि सिंगापुरात कचेरी थाटून बसलेत, झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा लावून. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनं जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना आणली आणि मोठ्या जहाजांना पायाभूत सुविधेचा दर्जा दिला, तो याच व्याजाच्या दुखण्यावर. १९५८ चा जहाज कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला तोही बरा बदल आहे.

पण 'स्वस्तात नेत असेल तर' यातल्या 'तर'पाशी मी अडतो. २०२१ मध्ये कंटेनर मिळेनासे झाले, कंपन्यांनी ते चीन-अमेरिका मार्गावर वळवले कारण तिथे भाडं जास्त. आपले निर्यातदार माल भरून गोदामात बसून राहिले. २०२३ च्या अखेरीस येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर मारा सुरू केला, तेव्हा बरीचशी वाहतूक आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली आणि भाडं रातोरात चढलं. त्या वेळी आपल्या नौदलाच्या नौका एडनच्या आखातात परक्या जहाजांच्या आगी विझवत होत्या. 'मार्लिन लुआंडा'वर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी होते, 'विशाखापट्टणम' नौकेच्या पथकानं आत शिरून आग आटोक्यात आणली. ते केलंच पाहिजे. पण राखण करायला आपण आणि भाडं ठरवायला दुसरा, हे किती दिवस चालवायचं? सगळा माल आपल्याच जहाजांतून जावा असं मी म्हणत नाही. अडीअडचणीला तेल, खत आणि धान्य तरी आणता येईल एवढा ताफा हवा.

---

सातवाव

नौदलाच्या सर्वेक्षण शाखेत होतो, निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. उधाणवारा साहेबांनी युद्धनौकांचं लिहिलं. मी आमच्या पांढऱ्या सर्वेक्षण जहाजांचं लिहितो, कारण त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

कोकणातला तांडेल (मासेमारी बोटीचा प्रमुख) अजून पाणी वावेत मोजतो. दोन्ही हात पसरले की एक वाव. आमचं काम तेच, फक्त यंत्रानं. जहाजाखालून आवाज सोडायचा, तो तळाला आपटून किती वेळात परत येतो ते बघायचं, त्यावरून खोली. शेतात नांगर चालवावा तसं जहाज सरळ रेषेत न्यायचं, वळवायचं, शेजारच्या रेषेत आणायचं. महिनोन्‌महिने हेच. उथळ पाण्यात जहाज जात नाही, तिथे छोट्या बोटी. किनाऱ्यावर एक जण भरती-ओहोटीची पट्टी रोवून तिच्यावरचा आकडा ठरलेल्या वेळी लिहीत राहतो, कारण पाण्याची पातळीच सरकती असेल तर मोजलेल्या खोलीला अर्थ नाही. उन्हात बसून पट्टी वाचणारा तो पोरगा चुकला की सगळ्या दिवसाचं काम वाया.

हे काम आपण मॉरिशस, सेशल्स, मालदीव, श्रीलंका, केनिया, टांझानिया, मोझांबिक यांच्यासाठी केलेलं आहे. तयार होणारे नकाशे डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयात बनतात (समुद्रापासून इतक्या लांब, डोंगरात). ज्या देशाकडे स्वतःचं सर्वेक्षण जहाज नाही त्याच्या बंदरात मोठं जहाज यायचं तर भरवशाचा नकाशा हवा. एका आफ्रिकी बंदरात आमचं काम संपल्यावर तिथला हार्बरमास्टर कच्च्या नकाशावर बोट ठेवून बराच वेळ बघत होता. त्याच्या बंदराच्या तोंडाशी एक खडक निघाला होता, जुन्या नकाशात नसलेला. तो म्हणाला, माझे वडील सांगायचे इथे काहीतरी आहे.

२००४ च्या त्सुनामीत आपलाच नागपट्टिणमचा किनारा आणि कार निकोबार उद्ध्वस्त झाले होते, तरी पहिल्या काही तासांत आपली हेलिकॉप्टरं श्रीलंकेत पोचली. आमच्या शाखेतलं 'निरूपक' रुग्णालय करून इंडोनेशियात आचे प्रांताच्या किनाऱ्यावर मेउलाबोहला गेलं. त्यानंतर हैदराबादला सूचना केंद्र उभं राहिलं, आणि आता ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाबरोबर तेही हिंदी महासागरातल्या देशांना त्सुनामीचा इशारा देतं. समुद्रतळ हलला की काही मिनिटांत इशारा. मला विचाराल तर आपल्या देशाची या महासागरातली सगळ्यात मोठी सेवा ही आहे.

---

वेळूबन

सातवाव दादा, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी परिचारिका. माल्यात काही वर्षं नोकरी केली.

माले शहर म्हणजे समुद्रात ठेवलेला इमारतींचा ठोकळा. नदी नाही, पिण्याजोगी विहीर नाही. समुद्राचं पाणी गोडं करून नळाला येतं. ४ डिसेंबर २०१४ ला त्या प्रकल्पाला आग लागली आणि नळ बंद. आमच्या वॉर्डात हात धुवायला पाणी नव्हतं. सलाइनच्या बाटल्यांचा साठा मोजला, जंतुनाशकाचा मोजला, बाळंतिणींसाठी पाणी बाजूला काढलं. खाली दुकानांत बाटल्यांवरून भांडणं. दुसऱ्या दिवशी भारतातून विमानांनी पाणी आलं आणि मग 'सुकन्या' नौका आली, तिच्यावर गोडं पाणी तयार करायची सोय होती. आमच्या शेजारची मालदिवी म्हातारी माझ्याकडे येऊन बसली, 'तुझ्या देशाचं पाणी' म्हणाली आणि पेल्यातलं अर्धं मला दिलं.

तरीही सांगते, त्याच शहरात नंतर 'इंडिया आउट' लिहिलेले टीशर्ट घातलेली मुलं रस्त्यावर आली. मी तेव्हा परत आले होते, पण तिथल्या मैत्रिणी सांगायच्या. २०२३ च्या अखेरीस मालदीवनं सर्वेक्षणाचा करार पुढे चालवायला नकार दिला, पुढे तिथल्या भारतीय सैनिकांच्या जागी साधे तंत्रज्ञ पाठवावे लागले. आता पुन्हा गोडी आली आहे म्हणतात. माझं साधं निरीक्षण आहे. त्या लोकांना मदत नको होती असं नाही. आपल्याकडच्या वाहिन्यांवर आणि फोनवर त्यांच्या देशाबद्दल ज्या सुरात बोललं जातं, 'आमच्यावर जगतात' वगैरे, ते त्यांना कळतं. हिंदी त्यांना चांगली समजते, सिनेमे बघून. पाणी देऊन वर ते बोलून दाखवायचं असेल तर देण्याची किंमतच राहत नाही.

---

सातवाव

वेळूबन ताई, शंभर टक्के. कुठल्याही बंदरात उतरताना आम्हाला पहिली सूचना हीच असायची. मोजणी त्यांची, नकाशा त्यांचा, आपण फक्त हात लावायला आलोय.

---

खाडीकाठ

विळिंजमचं कौतुक वाचलं. आता आमच्या वाढवणचंही लिहा. मी डहाणूच्या बाजूचा, घरचा धंदा मासेमारी.

आमच्या समोरच्या समुद्रात २० मीटर खोली मिळते म्हणून तिथे ७६ हजार कोटींचं बंदर होतंय, ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालं. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. त्यासाठी नेमलेल्या प्राधिकरणानं १९९८ मध्ये इथल्या बंदराला नाही म्हटलं होतं, २०२३ मध्ये हो म्हटलं. मधल्या पंचवीस वर्षांत आमचा समुद्र बदलला नाही. तिथे अजून घोळ येतो, सरंगा येतो, शेवंड येते. खडकांत मासे अंडी घालतात. भराव टाकून जमीन केली की प्रवाह फिरणार, आणि प्रवाह फिरला की डोल कुठे लावायची? डोलीचं जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवरच उभं राहतं.

देश मोठा व्हावा, जहाजं यावीत, मलाही वाटतं. पण 'सागरी राष्ट्र' म्हणताना तुम्ही सगळ्यांनी वरपासून बोटी, बंदरं, नौदल, भाडं लिहिलंत. कोळी, भंडारी, मांगेला, दालदी हा शब्द एकाही प्रतिसादात आला नाही.

---

उधाणवारा

खाडीकाठ, बरोबर बोललात. चूक माझी. मी जहाजाच्या ब्रिजवरून लिहिलं, तिथून छोटी होडी रडारवर एक ठिपका दिसते. मला वाढवणची खोली हवीशी वाटते हे खरं, न्हावा-शेव्यात सतत गाळ उपसावा लागतो तो मी पाहिलाय. पण तुमच्या डोलीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांच्या पाण्यात भराव पडतोय त्यांना नुकसानभरपाईच्या यादीत शेवटी नव्हे, आराखडा काढतानाच बसवायला हवं होतं असं माझं मत आहे.

---

अबोली

माझा मुलगा जहाजावर गेला होता. दोन वर्षांपूर्वी त्याचं जहाज आखातातल्या एका बंदराबाहेर नांगरून मालकानं सोडून दिलं. पगार बंद, डिझेल संपत आलं, एसी बंद, मुलं डेकवर झोपायची. भरतीचा एजंट फोन उचलेना. साडेसात महिन्यांनी सुटला.

तेव्हा कळलं की २०२४ साली जगात असे वाऱ्यावर सोडलेले सगळ्यात जास्त खलाशी भारतीय होते. खलाशी पुरवणारा देश म्हणून आपण मिरवतो, म्हणून सांगतेय. पोरांना पाठवणाऱ्या आईबापांनी दोन गोष्टी बघा. एजंटकडे जहाज महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) आहे का, ते त्यांच्या यादीत स्वतः तपासा. आणि जहाजावर विम्याचं प्रमाणपत्र लावलेलं आहे का, ते मुलाला फोटो काढून पाठवायला सांगा. दोन महिने पगार नाही मिळाला की आंतरराष्ट्रीय नियमानं ते 'सोडून दिलं' धरतात आणि त्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी यायचं तिकीट मिळतं. आम्हाला हे माहीत नव्हतं.

---

उधाणवारा

अबोली ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. यात एकच भर घालतो. असं झालं तर जहाज सोडून घाईनं उतरू नका म्हणावं, आधी तक्रार लिखित नोंदवा, मग उतरा. मुलगा आता कसा आहे?

---

अबोली

बरा आहे. पुन्हा जायचं म्हणतोय. आता सगळी कागदपत्रं मी तपासते.

---

देवगडकर

खाडीकाठ भाऊंच्या प्रतिसादानंतर लिहायचंच ठरवलं.

२०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ आलं. सकाळी बंदरात बघतो तर बोटीच बोटी, आणि एकही ओळखीची नाही. बोटींवरची नावं मल्याळममध्ये, काहींची तमिळमध्ये. केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ बोटी, साडेनऊशेवर माणसं, वादळानं लोटत आमच्या देवगडात आणून सोडलेली. ओली, उपाशी, घाबरलेली. कित्येकांचे सोबती हरवलेले होते. भाषा कुणाला येईना. आमच्या वाडीतल्या बायकांनी मोठ्या टोपात भात आणि डाळ केली, तांडेलांनी त्यांच्या बोटी नीट बांधायला मदत केली, कारण उधाणात एकमेकींवर आपटत होत्या. त्यांच्यातला एक म्हातारा माझ्या बाबांना हातानं खुणा करून वावा मोजून दाखवत होता, लाट किती उंच होती ते. दोन्ही हात पसरायचा, मग पुन्हा पसरायचा. बाबांनी मोजलं, चार वेळा.

त्या वादळात इशारा खोल समुद्रातल्या बोटींपर्यंत पोचलाच नव्हता. किनाऱ्यापासून फार लांब मोबाइल लागत नाही. आता उपग्रहावरून संदेश देणारी यंत्रं एक लाख बोटींवर बसवायची योजना आहे, तीही वाढवणच्या भूमिपूजनाच्याच दिवशी पालघरात जाहीर झाली. आमच्या बोटीवर बसलंय. गेल्या पावसाळ्याआधी एकदा त्यावर इशारा आला, आम्ही जाळी ओढून परत फिरलो. संध्याकाळी वारा सुटला तेव्हा बोट धक्क्याला होती.

सातवाव साहेब, तुम्ही वाव लिहिलंत ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलंय की आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध दरवर्षी सरकतो, त्याची मोजणी कुणाकडे मागायची?

---

सातवाव

देवगडकर, बाबांना नमस्कार सांगा. लहान बंदरांच्या तोंडाची मोजणी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे मागायची. मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज करा. त्यात बांध कुठल्या महिन्यात कुठे असतो ते बाबांच्या आठवणीप्रमाणे साल घालून लिहा, आणि ओहोटीला पाणी किती वाव उरतं तेही. असा तपशील मोजणीला येणाऱ्या माणसाला फार उपयोगी पडतो. अर्जाचा मसुदा मी करून देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.